कलप लावा

१ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं! आठही मशीनं नवी झाली. म्हणजे डबे जुनेच, अक्षरं पुसट झालेल्या कीबोर्डांसकट. पण आत आता लुमी ९ आहे, मशीन चालवणारी नवीकोरी प्रणाली.

रविवारी कोपरीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहाकडे कोणी फिरकत नाही, म्हणून सकाळीच जाऊन बसले. डब्यात पोहे, थर्मासमध्ये चहा, आणि एकामागून एक मशीन. पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळी नोकरी गेली, पण असा निवांतपणा तिथे कधी मिळाला नाही. तिथे सतत कोणीतरी मागे उभं असायचं.

जुन्या लुमी ७ चे सुरक्षेचे अपडेट या महिन्यात थांबणार, त्यामुळे बदलणं भागच होतं. संघात मी हेच कारण सांगितलंय. इथे खरं लिहायला हरकत नाही: ते कारण नसतं तरी मी बदललंच असतं. जगभरची हौशी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ही लुमी बनवतात, फुकट वाटतात, टाकून दिलेल्या मशीनांवरही ती धावते, आणि तिची नवी आवृत्ती आल्यावर मी हात बांधून बसायचं?

रूप तर असं गोड केलंय! खालची जाड पट्टी गेली, वर एक बारीक रेघ आली. पडद्यावर मांडून ठेवलेला चिन्हांचा पसारा गेला. मेनू कोपऱ्यातून उघडत नाही, पडदाभर उलगडतो. आई गेल्यापासून घरातली एक खुर्चीसुद्धा मी हलवलेली नाही. त्यामुळे असेल, पण आज फार मोकळं वाटलं.

उद्या सगळे आल्यावर त्यांचे चेहरे बघायचेत.

२ फेब्रुवारी, सोमवार

बघितले चेहरे.

पहिल्या आल्या हौसाबाई. खारीगावच्या. लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारीण. आता दम पुरत नाही आणि नव्या मुली शिकायला येत नाहीत, म्हणून गेलं वर्षभर त्या इथे येऊन मशीनसमोर बसून गातात आणि मी रेकॉर्ड करून ठेवते. त्यांची गाणी पडद्यावर ओळीने मांडलेली असायची. आज पडद्यावर नुसता डोंगर आणि धुकं.

“ताई, माजी गानी कंय गेली?”

“आहेत हो. फक्त समोर दिसत नाहीत.”

“दिसत नाय म्हंजे नाय ना गो!”

तोवर काळुराम ओरडले. बस चालवून निवृत्त झालेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. त्यांचा पत्त्यांचा डाव सापडत नव्हता. मग संघाचे सचिव प्रफुल्ल उठून आले.

“नीलाताई, खिडकी खाली करायचं बटण कुठाय?”

“ते काढलंय त्यांनी. नव्या पद्धतीत लागत नाही.”

“मला लागतं.”

मी हौसाबाईंच्या मशीनकडे वळले.

सगळ्यांचा आरडाओरडा झाल्यावर कोपरच्या विश्रामरावांनी वर्गात करतात तसा हात वर केला. टेलिफोन खात्यात होते. आवाज अजून फोनवरचाच, मऊ. म्हणाले, “मॅडम, आम्ही तुम्हाला घर आवरायला सांगितलेलं. तुम्ही पत्ताच बदलून टाकलात.”

सगळे हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

गाणी अर्थातच होती. डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होती, नुसती पडद्यावर दिसत नव्हती. हौसाबाईंनी पहिलं गाणं स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि मगच चहाचा कप हातात घेतला. पण “बरं झालं” असं काही म्हणाल्या नाहीत.

मी त्यांना म्हटलं, “सवय होईल.”

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज काळुराम मशीनसमोर पोट धरून हसत होते. “ताई, इकडे या. हा मला कलप लावायला सांगतोय!”

काळुरामांच्या डोक्यावर एक केस नाही.

जाऊन पाहिलं. उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत खरंच लिहिलेलं: ‘कलप लावा’. मला कळायला क्षणभर लागला. ते ‘कुलूप लावा’ होतं. चहाला उठताना पडदा बंद करून ठेवायचं बटण. नव्या लुमीत मेनूच्या ओळी इतक्या चिंचोळ्या केल्यात की अक्षराखाली लटकणारे उकार छाटले जातात. ‘कुलूप’चे दोन्ही गेले, उरला ‘कलप’. मशीन ‘पुन्हा सुरू करा’ असं बटण आहे, तिथे ‘पन्हा सरू करा’.

“पन्हं मिळणार असेल तर मी थांबतो,” प्रफुल्ल म्हणाले. त्यांच्या हसण्यात थोडी खुन्नस होती.

माझा घरचा लॅपटॉप इंग्रजीत चालतो. त्यामुळे मला हे दिसलंच नव्हतं. आठ मशीनांवर नवी लुमी चढवली आणि एकाही मेनूतली मराठी नीट वाचली नाही. ओळी चिंचोळ्या दिसतात म्हणून उलट कौतुक करत बसले होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विश्रामराव आजही तक्रार घेऊन आले. परवाची होती, पडदा फार काळा आहे. कालची, फाइल ओढून नेताना मध्येच सुटते. आजची, दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत. माणूस तक्रारी करतो, पण पद्धतशीर. शेजारी खुर्ची ओढून बसतो, मुद्दा सांगतो, मी उपाय शोधेपर्यंत शांत राहतो, मग “वा, मॅडम” म्हणतो. त्यात सहज तासभर जातो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. संघात लहानथोर सगळे मला ताई म्हणतात. काळुराम तर माझ्याहून वयाने मोठे, तेही ताईच म्हणतात. विश्रामराव तेवढे मॅडम. एकदा मी म्हटलंही, “अहो, ताई म्हणा की.” तर म्हणाले, “नको, ते राहू दे.” शिष्टपणा असतो एकेकाचा.

आणखी एक नवल. कोपरला लागूनच, डोंबिवलीत, ज्येष्ठांचं चांगलं केंद्र आहे, एसी लावलेलं. हे गृहस्थ कोपरहून उठून ठाण्याला येतात. विचारलं तर म्हणतात, “कोपर आणि कोपरी, एका वेलांटीचा तर फरक!”

९ फेब्रुवारी, सोमवार

खोलीत आज तिघंच. हौसाबाई आल्या, पण गायल्या नाहीत. “परत हरवतील,” म्हणाल्या. आहेत त्याच ठिकाणी राहतील असं मी शंभरदा सांगितलं. ऐकून घेतलं, आणि पिशवी उचलून गेल्या.

दुपारी प्रफुल्लनी सूचनाफलकावर कागद लावला. एक मार्चला सर्वसाधारण सभा. विषय: कॉम्प्युटर खोली बंद करून ती जागा साड्यांच्या प्रदर्शनासाठी व इतर कार्यक्रमांसाठी देणे. कारण: सदस्यांचा प्रतिसाद नाही.

मी त्यांना गाठलं. म्हणाले, “ताई, तुमच्यावर राग नाही. पण लोक येत होते ते यायचे थांबले, हे खरं की नाही?”

खरं आहे. जुनी लुमी परत टाकली तर येतील. पण तिचे अपडेट बंद झाल्यावर त्या मशीनांवरून लोक आपली पेन्शन बघणार, आधार उघडणार. ते माझ्या मनाला पटत नाही. आणि पुढे नेलं तर ही खोलीच जाते.

ती गेली तर मी सकाळी साडेनऊला कुठे जायचं, हे मला खरंच माहीत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज कोणीच नव्हतं म्हणून लुमीच्या फोरमवर जाऊन बसले. वापरणारे सगळे तिथे लिहितात. बापरे! जगभर हेच चाललंय.

एकाने लिहिलंय, ‘माझी आई ऐंशीची. तिला मी फोनवर सांगायचो, डावीकडे खालच्या कोपऱ्यात जा. आता तो कोपराच नाही, आईला काय सांगू?’ दुसरा म्हणतो, इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. तिसऱ्याने रागाने कायमची रजा घेतलीय, आणि चौथ्याने दाखवून दिलंय की या माणसाने मागच्या आवृत्तीलाही अशीच कायमची रजा घेतली होती. मी एकटीच हसत सुटले.

मग बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर दिसलं. त्या ऐंशीच्या आईबद्दल. दोनच शब्द: सवय होईल.

कान गरम झाले माझे. हौसाबाईंना मी अगदी याच सुरात म्हटलं होतं.

तेवढ्यात विश्रामराव आले. मी रडवेली दिसत असणार, कारण त्यांनी आज तक्रार काढलीच नाही. म्हणाले, “मॅडम, ते खिडकी खाली करायचं बटण. सेटिंगमध्ये ‘खिडक्या’ म्हणून पान आहे, तिथून परत आणता येतं असं ऐकलंय.”

बघितलं, तर खरंच येतं! “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“असंच. डोंबिवलीत बोलतात लोक.”

डोंबिवलीत लोक लुमीबद्दल बोलतात! ऐकून फार बरं वाटलं.

मग आम्ही दोघांनी मिळून फोरमवर उकारांचं लिहिलं. पडद्याचा फोटो जोडला. पण ‘कलप’ची गंमत इंग्रजीत सांगायची कशी? तीन-चारदा खोडलं. शेवटी विश्रामराव म्हणाले, “सरळ लिहा. लिहा की, पडद्याला कुलूप लावायचं बटण आमच्या म्हाताऱ्यांना केस काळे करायला सांगतंय, आणि त्यातल्या काहींना ते मनावर घ्यावंसं वाटतंय.”

लिहिलं. पाठवून टाकलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

स्टेशनबाहेर लाल फुगेवाल्यांनी वाटच अडवली होती. आज काय आहे कोण जाणे, पोरापोरींची झुंबड.

खोलीत एक अनोळखी गृहस्थ बसलेले. काळेभोर केस, इस्त्रीचा फिका निळा शर्ट. मी विचारणार, आपण कोण, तेवढ्यात ते उठून उभे राहिले. विश्रामराव!

“मशीनने सांगितलं, आम्ही केलं,” ते म्हणाले. काळुराम तर टाळ्या पिटत नाचलेच. विनोदासाठी माणूस किती खटाटोप करतो!

मला विचारलं, “कसं वाटतंय, मॅडम?” मी आपलं खरं ते सांगितलं. “पांढरे जास्त बरे दिसत होते.”

त्यानंतर ते लवकर गेले. जाताना कागदात बांधलेली चाफ्याची फुलं टेबलावर विसरून गेले. उद्या खोली बंद, तोवर सुकतील म्हणून घरी आणून पाण्यात ठेवली आहेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विश्रामराव आले ते चक्क गोटा करून.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. काळुरामांनी हात जोडले. मी दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं हो?”

“कोणी नाही, कोणी नाही!” ते एवढे गोंधळले. “उकाडा सुरू झालाय ना, म्हणून.”

फेब्रुवारीत? पण डोंबिवलीत आपल्यापेक्षा जरा जास्तच उकडतं म्हणा.

आज हौसाबाई माझ्याकडे बघून बराच वेळ मान हलवत होत्या. का, ते सांगेनात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोरमवर उत्तर आलं!! नॉर्वेमधल्या एका बाईंचं. मेनूचं काम त्यांच्याकडे आहे. लिहितात की फोटो पाहून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. त्यांच्या वडिलांनाही म्हणे ती सूचना करायला हरकत नाही. मग गंभीरपणे: देवनागरीत अक्षराच्या खाली काही लटकतं, हे आम्ही मोजलंच नव्हतं, माफ करा. दुरुस्तीची चाचणी आवृत्ती पाठवते. तुमच्याकडे तपासून बघायला माणसं आहेत का?

मी लिहिलं: आठ मशीनं आहेत, आणि चुका काढायला अख्खी कोपरी आहे.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, मराठी करून. मग काळुराम म्हणाले, “म्हणजे आपण चुका काढायच्या, आणि ते लोक वर आपले आभार मानणार?”

“हो.”

“बायको ऐकायला हवी होती हे.”

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी आवृत्ती आली, आणि खोलीत बसायला जागा नाही! सभागृहातून खुर्च्या आणाव्या लागल्या. जे येणं सोडून गेले होते ते सगळे परतलेत, चष्मे पुसून, पडद्याला नाक लावून. कोणाला घड्याळाचे आकडे कापलेले दिसतात, कोणाला रफार उडालेला. काळुरामांनी मेनूची इतक्या वेळा उघडझाप केली की मशीनच झोपलं. तीही एक नोंद झाली.

पण मोठी चूक काढली हौसाबाईंनी. मी कशीबशी त्यांना गायला बसवलं होतं. गाणं लांबचलांब, त्या डोळे मिटून गातात. मध्ये पडदा आपोआप काळा झाला आणि रेकॉर्डिंग थांबलं.

“मी गात व्हती नि यो झोपला!” त्या उखडल्या. “नवऱ्यागत!”

हे असंच्या असं नॉर्वेला लिहिलं. नवऱ्यासकट.

विश्रामराव आज आले नाहीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल आले नाहीत, आजही नाहीत. एका परीने बरंच. त्यांच्या तक्रारी ऐकण्यात माझी सकाळ जात होती. आज किती कामं झाली. सगळी मशीनं पुसली. सगळ्या वायरी बांधल्या. त्यांची खुर्ची मध्येच येत होती ती भिंतीशी लावली. मग उगाच ओकंबोकं दिसायला लागलं म्हणून परत होती तिथे ठेवली.

काळुरामांवर विनाकारण खेकसले. त्यांनी नुसतं विचारलं होतं, “ताई, ही साडी नवीन का?” नवीनच आहे. पडून होती, नेसले. त्यात विचारण्यासारखं काय?

जाताना हौसाबाई म्हणाल्या, “तो कोपरचा बावा दिसत नाय.”

“असतील कामात. त्यांना काय, तक्रार सुचली की येतील.”

“तुना खरंच वाटतं गो, त्यो मशीनसाटी येतं?”

“मग कशासाठी?”

“आमी सगली तुना ताई म्हंतो. त्यो का नाय म्हनत, कदी इचार केलास?”

मी म्हटलं, शिष्ट आहेत. त्यावर हौसाबाई इतक्या हसल्या की खोकलाच लागला. पाणी द्यावं लागलं. आगरी मंडळींना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आले! मोतीबिंदू काढून आलेत. काळा चष्मा. डोक्यावर कापसासारखे बारीक पांढरे केस उगवलेत.

मी म्हटलं, “कळवायचं तरी.” आवाज जरा चढला असावा, कारण काळुरामांनी पत्त्यांचा डाव सोडून मागे पाहिलं.

“तुम्ही काळजी केलीत?” त्यांनी विचारलं.

“काळजी कसली? चाचणीला एक माणूस कमी पडत होता.”

आज त्यांची तक्रार अशी की एका डोळ्याने लुमी फार सुंदर दिसते. ही तक्रार कशी, ते मला समजलं नाही. पण त्या नादात मी दिवसभर खुशीत होते.

१ मार्च, रविवार

सभा.

मी मुद्दे काढून ठेवले होते, ते बोलायची वेळच आली नाही. ठराव वाचला प्रफुल्लनी. स्वतः मांडलेला, खणखणीत आवाजात, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मग चष्मा काढला.

“हा ठराव मीच मांडलाय,” ते म्हणाले, “म्हणून त्याला विरोधही मीच करतो. घड्याळातल्या आकड्यांची चूक मी काढलीय. ती अजून दुरुस्त झालेली नाही. ती होईपर्यंत खोली बंद करायची हा निव्वळ मूर्खपणा ठरेल.”

एवढ्या टाळ्या! मग हौसाबाई उठल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं तरी. “पयल्या दिशी मी लय बोंबलली. ताईला नाय नाय ते बोलली. पन आता ती नार्वेची बाय मना इचारते, हौसाबाई, आता झोपत नाय ना मशीन? माज्या सुनेनं कदी नाय इचारलं, तुजा गला कसा हाय.” सून मागच्या रांगेतच होती. तीही हसली, जरा उशिराने.

ठराव पडला. बाजूने एकच हात वर गेला, तोही काळुरामांचा, चुकून. त्यांना वाटलं चहा किती जणांना हवाय ते विचारतायत.

नंतर हौसाबाईंनी उभ्या उभ्या एक धवला म्हटला, लग्नघरात म्हणतात तसा, हात कानाशी नेऊन. साड्यांच्या प्रदर्शनाची चौकशी करायला आलेले गृहस्थसुद्धा शेवटपर्यंत थांबले. मी एका कोपऱ्यात उभी राहून रडून घेतलं. विश्रामराव पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

९ मार्च, सोमवार

अपडेट आलं. पहिलं मशीन सुरू केलं, सगळे पाठीशी उभे. मेनू उघडला: ‘कुलूप लावा’. दोन्ही उकार जागच्या जागी, डौलदार. खाली ‘पुन्हा सुरू करा’. हौसाबाईंनी गायलं, पडदा काळा झाला, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. प्रफुल्लच्या घड्याळाचे आकडे पूर्ण. आणि बदलांच्या निवेदनात शेवटी एक ओळ: कोपरी, ठाणे इथल्या ज्येष्ठांचे विशेष आभार. प्रफुल्ल ती छापून फ्रेम करायला गेलेसुद्धा.

मला वाटलं, आता तरी जल्लोष होईल. तर काळुराम हिरमुसले. “ते ‘कलप लावा’ का काढलं? रोज सकाळी बघून हसायला यायचं.” आणि मागून दोघं-तिघं म्हणाले, “हो ना, तेच बरं होतं. सारखं काय बदलायचं!”

मी खुर्चीत बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईतो.

विश्रामरावांनी आज शेवटची तक्रार सांगितली. त्यांच्या घरच्या मशीनवर अजून लुमी ७ च आहे. स्वतःला जमेल असं वाटत नाही. “तुम्ही कोपरला येऊन टाकून द्याल का, मॅडम? रविवारी? जेवायलाच या.”

नाही कसं म्हणायचं? त्यांचे अपडेट बंद झालेत. सुरक्षेचा प्रश्न आहे.

१५ मार्च, रविवार

कुठून सुरुवात करू?

घर स्टेशनपासून जवळच, तिसरा मजला. मुलगा प्रीतम कामावर गेलेला, सून विनिता घरी. गोड मुलगी. विश्रामरावांना अचानक आठवलं की दही राहिलं, म्हणून ते खाली गेले. मी म्हटलं, तोवर काम सुरू करते. पेनड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं.

लुमी ९.

नुसती ९ नाही. खिडक्यांची बटणं परत आणलेली, अक्षरं मोठी केलेली, पडदा उजळ केलेला. इतकी नीट लावलेली लुमी मी अजून पाहिली नव्हती. माझीसुद्धा अशी नाही.

विनिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी विचारलं, “हे कधी टाकलं?”

“नवीन? निघालं त्याच आठवड्यात. आम्हाला दोघांना बसवून दाखवलं बाबांनी, फार सुंदर झालंय म्हणाले. रोज सकाळी तो फोरम का काय आहे, तो वाचत बसतात. लोकांनी कायकाय तक्रारी केल्यात ते. एखादी चांगली सापडली की लगेच अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि निघाले ठाण्याला.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने जीभ चावली. “मी भाजी बघते हं.”

मी त्या पडद्यासमोर बसून राहिले. वाचणाऱ्याला हे सगळं कधीच कळलं असतं, असं ही मागची पानं चाळताना आत्ता वाटतंय. हौसाबाईंना कळलं होतं. बहुधा काळुरामांनासुद्धा. ती चाफ्याची फुलं कोणी टेबलावर विसरत नाही. फेब्रुवारीत कोणाला इतकं उकडत नाही.

विश्रामराव दह्याची पिशवी घेऊन दारात आले आणि पडदा बघून तिथेच थांबले.

“विश्रामराव, रोज एक तक्रार घेऊन येत होतात. खोट्या होत्या सगळ्या?”

“नाही हो, मॅडम. तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या.” पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. “फक्त माझ्या नव्हत्या.”

मी रागवायला हवं होतं का? थोडा प्रयत्न केला. जमला नाही. इतकं हसू येत होतं की ते लपवायला मी पेनड्राइव्ह पिशवीत ठेवण्यात उगीच वेळ काढला. मग जेवलो. वालाचं बिरडं अप्रतिम होतं. विनिता मला वाढत होती आणि सासऱ्यांकडे बघत होती, आणि ते ताटाकडे. कोणी लुमीचं नाव काढलं नाही.

ते स्टेशनपर्यंत सोडायला आले. दुपारची वेळ, फलाटावर तुरळक माणसं. ते माझ्या शेजारी उभे राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, “बुधवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला येता का? काम काही नाही. एक चक्कर मारू, कुठेतरी चहा घेऊ.”

त्याच वेळी पलीकडच्या रुळांवरून एक फास्ट गाडी धडधडत गेली.

मला ऐकू आलं होतं. अगदी स्पष्ट. पण एकसष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. वाटलं, दोनदा ऐकावं.

“काय म्हणालात? गाडीच्या आवाजात ऐकू नाही आलं.”

त्यांनी पुन्हा विचारलं. गाडी तोवर निघून गेली होती हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. इतक्या मोठ्याने, की फलाटावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि एका बाकावरच्या आजीबाई तर उत्तर ऐकायला पुढे झुकल्या.

“येते,” मी म्हटलं. मीही मोठ्यानेच.